मदत हवी आहे: टॉवरशी बोलताना बाहेर बघणं सुटतंय

कंग्राळीकर: नमस्कार मंडळी. सांबऱ्याला (बेळगावचा विमानतळ) सेसना 172 या छोट्या विमानावर शिकायलोय, सोलो (एकट्यानं पहिलं उड्डाण) जवळ आलाय. डाउनविंडला (उतरण्याआधी रनवेला समांतर, उलट्या दिशेनं जाताना) बोलायला गेलं की नजर रेडिओवर जाते आणि टॉवरनं सांगितलेलं पुढचं विमान सापडत नाही. सापडेपर्यंत बेसचं (तिथून रनवेच्या रेषेकडे आडवं जायचं) वळण येतं. पुढे ग्लायडिंगही (बिनइंजिनाचं विमान उडवणं) शिकायचं आहे. बघण्याची काही पक्की पद्धत आहे का?

उचगाववाला: आधी बोलणं आटोपशीर करा. कुणाला, कोण, कुठे, काय हवंय, एवढं बटण दाबायच्या आधी मनात जुळवायचं. 'बेळगावी टॉवर', मग कॉलसाइन (आपल्या विमानाचं रेडिओवरचं नाव), 'डाउनविंड, रनवे टू सिक्स (26), टच अँड गो (टेकून लगेच परत उडणं)'. पाच-सहा सेकंदांत होतं. आधी ऐका, कुणाचं बोलणं तोडू नका. बटण दाबून अर्धा सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि 'से अगेन' (परत सांगा) येतं. रनवे, क्लिअरन्स (टॉवरची परवानगी), क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवायला उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) परत म्हणूनच दाखवायचे, तिथे नुसतं 'रॉजर' (ऐकलं) चालत नाही. फ्रिक्वेन्सी जमिनीवरच लावलेली असली की वर रेडिओकडे बघायचं कारण उरत नाही.

फक्त बोलून झालं की रेडिओवरचं 'टीएक्स' (बटण दाबलेलं असल्याची खूण) विझलं का, तेवढं बघा. बटण अडकलं तर अख्खी फ्रिक्वेन्सी बंद पडते, आणि ज्याचं अडकलंय त्याला वाटतं आज सगळे गप्प आहेत. आवाजच येईना झाला तर व्हॉल्यूम, हेडसेटच्या दोन्ही पिना, दुसरा रेडिओ, या क्रमानं तपासा. तरी नाही जमलं तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) 7600 हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावा आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा.

तवंदीघाट: विमान न सापडण्याचं मूळ डोळ्यात आहे. स्पष्ट दिसतं ते मधल्या चिमूटभर भागात. नजर सरसर फिरवली की काहीच टिपलं जात नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करा आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबा. शिवाय मोकळ्या आभाळाकडे बघताना डोळ्याचा फोकस आपोआप मीटर-दोन मीटरवर येतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्याचं धुरकट असलं की जास्तच. म्हणून मधेमधे लांबची वस्तू धरा: ढगाची कड, नाहीतर येळ्ळूरचा राजहंसगड.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर. हजार फुटांचं सर्किट (रनवेभोवतीचा ठरलेला फेरा) म्हणजे क्यूएनएचवर साडेतीन हजार. तुमच्याच उंचीवरचं विमान क्षितिजाच्या रेषेवर दिसणार, वरखाली शोधत बसू नका.

आता महत्त्वाचं. हलणारा ठिपका सहसा निघून जातो. काचेत जागा न बदलणारा ठिपका तुमच्यावरच येतोय. दोघं 90 नॉट्सनं (तासाला 90 नॉटिकल मैल) समोरासमोर असाल तर सेकंदाला 93 मीटर अंतर तुटतं, एक नॉटिकल मैल (1,852 मीटर) 20 सेकंदांत. मैलभरावर त्याच्या पंखांची सगळी रुंदी, हात लांब करून धरलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढी. ओळखून विमान वळेपर्यंत बारा-तेरा सेकंद जातात, असं धरतात. दाराच्या खांबामागे अख्खं विमान लपतं, तेव्हा मान पुढे-मागे करा. 172 ला पंख वर आहे, म्हणून वळायच्या आधी त्या बाजूचा पंख जरा उचलून बघा, मगच वळा.

गणेशपूर: ग्लायडरसाठी: इंजिनवाल्यानं ग्लायडरला वाट द्यायची. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे. थर्मलमध्ये (वर चढणारी गरम हवा) आधीचा ज्या दिशेनं फिरतोय त्याच दिशेनं शिरायचं, उलटं कधीच नाही. घारी गोल घेत चढताना दिसल्या की तिथे हवा वर जातेय, ग्लायडर असला तर तिथेच असणार. समोरून तो पातळ रेघेसारखा दिसतो. रेडिओवर कुणी बोलत नाही म्हणून तिथे कुणी नाही, असं धरू नका. हडपसरसारख्या ठिकाणी ग्लायडर ओढणाऱ्या विंचचा (दोर गुंडाळणारं यंत्र) दोर वर येतो, तेव्हा मैदानावरून कमी उंचीनं जायचं नाही.

कंग्राळीकर: अजून एक. संध्याकाळी 26 च्या फायनलला (उतरायला रनवेच्या सरळ रेषेत येताना) सूर्य समोर येतो आणि काचेवरचे किड्यांचे डागच विमानासारखे दिसतात.

तवंदीघाट: प्रत्येक सॉर्टीआधी (उड्डाणाआधी) काच पुसा. ती अॅक्रिलिकची असते, आपल्या लाल धुळीवर कोरडं फडकं मारलं की ओरखडे उठतात. आधी पाणी सोडून धूळ वाहून जाऊ दे, मग मऊ ओल्या कापडानं वरून खाली सरळ. गोल पुसलेल्या ओरखड्यांवरच सूर्य सगळ्यात जास्त पसरतो. अमोनियावाला घरगुती क्लीनर लावू नका, काच धुरकटते. एवढं करूनही ठिपका दिसला तर डोकं हलवून बघा: काचेवरचा डाग बाहेरच्या देखाव्यावर सरकतो, विमान सरकत नाही.