मदत हवी आहे: तक्त्यावरून रेषीय की घातांकी, आणि सूत्र कसं लिहायचं?

मेतकूटभात

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे, इकडे न्यू जर्सीत. शाळेत अल्जिब्रा वन चालू आहे. सध्या एक तक्ता देतात, त्यावरून फंक्शन रेषीय की घातांकी ते ओळखायचं आणि सूत्र लिहायचं. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कॉमर्स. रेषेचा चढ, अंकगणिती श्रेढी एवढं अजून आठवतं. नवऱ्याला विचारलं तर तो कागद बघतो, "सोपंय की" म्हणतो आणि उत्तर सांगून मोकळा होतो. का ते विचारलं की फोन वाजतो. म्हणून इथे आले.

"सारखा फरक आला की रेषीय, सारखं गुणोत्तर आलं की घातांकी" हे लेकीला तोंडपाठ आहे. पहिला तक्ता तिने चुटकीसरशी केला:

क्ष: ०, १, २, ३
य: ७, ११, १५, १९

दर वेळी ४ वाढतात, सुरुवात ७. य = ७ + ४क्ष. इथवर ठीक. अडलेत ते पुढचे तीन. (घातासाठी ^ हे चिन्ह वापरते.)

तक्ता ब
क्ष: १, २, ३, ४
य: ६, १८, ५४, १६२

दर वेळी तिप्पट, म्हणून घातांकी. लेकीने य = ६ × ३^क्ष लिहिलं. उत्तरसूचीत २ × ३^क्ष आहे. हा २ तक्त्यात कुठेच नाही, मग आला कुठून?

तक्ता क
क्ष: १, २, ४, ७
य: ५, ८, १४, २३

फरक ३, ६, ९. गुणोत्तरंही सारखी नाहीत. तिने "दोन्ही नाही" लिहिलं. उत्तर म्हणे रेषीय!

तक्ता ड
क्ष: ०, २, ४, ६
य: ८०, २०, ५, १.२५

दर वेळी चौथा हिस्सा उरतो. मग घाताचा पाया १/४ हवा ना? उत्तरात १/२ दिलाय.

नुसती उत्तरं नकोत, ती मागच्या पानावर छापलेलीच आहेत. तिला पटेल असं काहीतरी सांगा. मंगळवारी क्विझ आहे.

---

पाटीपेन्सिल

ताई, तिन्ही तक्त्यांचं दुखणं एकच आहे. लेक फक्त 'य'ची ओळ वाचतेय. आधी 'क्ष'ची ओळ वाचायला लावा, तीही बोट ठेवून.

तक्ता क घ्या. क्ष १ वरून २ वर जातो: एक पाऊल, य ३ ने वाढला. मग २ वरून ४ वर: दोन पावलं, य ६ ने वाढला. मग ४ वरून ७ वर: तीन पावलं, वाढ ९. प्रत्येक वेळी पावलामागे ३ च. फरक ३, ६, ९ आले कारण तक्ता करणाऱ्याने मुद्दाम मधल्या ओळी गाळल्यात. ३, ५ आणि ६ च्या ओळी तिला स्वतःला भरायला सांगा, मग तक्ता आपोआप शहाणा होईल. सूत्र य = २ + ३क्ष.

तिने पाठ केलेला नियम चुकीचा नाही, अर्धा आहे. पूर्ण नियम असा: क्ष सारख्या पावलांनी चालत असेल, तेव्हाच 'य'चे फरक किंवा गुणोत्तरं थेट ताडून बघायची. पावलं असमान असतील तर फरकाला पावलांनी भागायचं. आपण दहावीत ज्याला चढ म्हणायचो तो हाच, 'य'तला बदल भागिले 'क्ष'तला बदल.

---

निवृत्तमास्तर

पाटीपेन्सिल यांनी मुख्य गोष्ट सांगितलीच आहे, मी तक्ता ब घेतो. बाई, तुम्हाला श्रेढीचं सूत्र आठवतं म्हणालात, तर गोंधळाचं मूळ कदाचित तिथेच असेल. आपण वर्गात काय घोकायचो? टीएन = ए + (एन − १) डी. त्यात 'ए' हे पहिलं पद, 'डी' हा दोन पदांतला फरक, आणि पहिल्या पदाचा क्रमांक १. म्हणून तो 'वजा एक' तिथे बसवलेला आहे. फंक्शनच्या सूत्रात, य = अ × ब^क्ष मध्ये, 'वजा एक' नाही. तिथे 'अ' म्हणजे क्ष शून्य असतानाची किंमत. तक्त्याची पहिली ओळ नव्हे.

मुलीला सूत्रात क्ष = ० घालून बघायला सांगा. कुठल्याही संख्येचा शून्यावा घात १, त्यामुळे अ × १ = अ. (शून्याच्या शून्याव्या घाताची चर्चा इथे नको, धागा भरकटेल.) तक्ता ब १ पासून सुरू होतो, म्हणजे शून्याची ओळ छापलेलीच नाही. ती आपण लिहायची. पुढे जाताना तिपटीने जातो, मागे येताना ३ ने भागायचं: ६ ÷ ३ = २. हा तुमचा २.

६ × ३^क्ष मध्ये क्ष = १ घातला की १८ येतात. तक्त्यात १ समोर ६ आहेत. म्हणजे सूत्र पहिल्याच ओळीला आपटतं. तीस-बत्तीस वर्षं फळ्यासमोर काढून माझं मत असं झालं आहे की सूत्र लिहून झाल्यावर एक ओळ त्यात घालून बघणे ही सवय मुलांना लागली तर निम्मे गुण तिथेच वाचतात. मुलं ते करत नाहीत, कारण उत्तर लिहिलं की सुटलो असं वाटतं.

आणि मुलीला हेही दाखवा की तिच्या ६ ला न्याय देता येतो. य = ६ × ३^(क्ष − १) लिहिलं तर तेही पूर्ण बरोबर. हे श्रेढीच्याच वळणाचं लिखाण झालं. ६ × ३^(क्ष − १) आणि २ × ३^क्ष ही एकच संख्या, दोन पोशाखांत.

---

मेतकूटभात

मास्तर, _/\_. हे "शून्याची ओळ छापलेलीच नाही" तिला लगेच पटलं. आता ती सगळ्या तक्त्यांच्या डोक्यावर पेन्सिलीने शून्याची ओळ लिहीत सुटलीय.

पण ड वर अजून अडलोय. पाटीपेन्सिल म्हणतात तसं पावलांनी भागलं. दोन पावलांत १/४, म्हणून एका पावलात १/४ ÷ २ = १/८. उत्तर १/२ आहे. भागायचं सांगितलंत, भागलं तर चुकतंय.

---

पाटीपेन्सिल

माझ्या प्रतिसादातलं "भागायचं" हे फरकांपुरतं आहे. रेषीय फंक्शन बेरजेवर चालतं: दोन पावलांत ६ मिळवले तर एका पावलात ३ मिळवले, कारण ३ + ३ = ६. घातांकी फंक्शन गुणाकारावर चालतं: दोन पावलांत १/४ ने गुणलं तर एका पावलात कशाने गुणलं असेल? अशी संख्या शोधा जिला तिनेच गुणलं की १/४ होईल. १/२ × १/२ = १/४. म्हणजे भागाकार नाही, वर्गमूळ. तीन पावलं असती तर घनमूळ.

१/८ घालून बघू द्या तिला: ८०, मग १०, मग १.२५. क्ष = २ ला २० हवे होते, आले १.२५. १/२ घाला: ८०, ४०, २०. बसलं. सूत्र य = ८० × (१/२)^क्ष.

---

अणुरेणू

ड वर एक पुरवणी. मूळ काढायचंच असं नाही. घाताला भाग दिला तरी चालतं. किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, साधारण ८ दिवस आहे. ८० एकक घेतलं तर तक्ता असा होतो:

दिवस: ०, ८, १६, २४
उरलेलं: ८०, ४०, २०, १०

८ दिवसांच्या पावलाला निम्मं. दिवसामागचा गुणक काढायचा तर १/२ चं आठवं मूळ, म्हणजे ०.९१७ च्या आसपास, कॅल्क्युलेटर लागणार. त्यापेक्षा ८० × (१/२)^(क्ष/८) लिहा. घात मोजतोय की ८ दिवसांची किती पावलं झाली. याच न्यायाने तुमचा तक्ता ड म्हणजे ८० × (१/४)^(क्ष/२). लेकीने पाया १/४ म्हटलं होतं ना? तिचा पाया बरोबर आहे, फक्त घात क्ष/२ हवा.

---

सह्यभटक्या

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. शाळेचे तक्ते घासूनपुसून दिलेले असतात. खऱ्या आकड्यांना हे लावून बघायची मजा वेगळी. महाराष्ट्राची लोकसंख्या, जनगणनेतली, कोटींत:

१९६१: ३.९६
१९७१: ५.०४
१९८१: ६.२८
१९९१: ७.८९
२००१: ९.६९
२०११: ११.२४

पावलं सारखी, दहा-दहा वर्षांची. फरक १.०८, १.२४, १.६१, १.८०, १.५५. गुणोत्तरं १.२७, १.२५, १.२६, १.२३, १.१६. तंतोतंत सारखं काहीच नाही, शाळेच्या भाषेत "दोन्ही नाही". पण डोळे किलकिले करून बघा: चार दशकं फरक फुगत गेलेत आणि गुणोत्तर मात्र सव्वाच्या आसपास घुटमळतंय. १९६१ ला शून्य धरून, क्ष दशकांत घेऊन मी य = ३.९६ × १.२५^क्ष लावलं. येतात ४.९५, ६.१९, ७.७३, ९.६७. २००१ चा खरा आकडा ९.६९. चाळीस वर्षांनंतर फरक किती, तर दोनेक लाखांचा!

आणि मग २०११ ला गाडी रुळावरून घसरते. सूत्र म्हणतं १२.०८, मोजदाद म्हणते ११.२४. चौऱ्याऐंशी लाख माणसं सूत्रात आहेत, महाराष्ट्रात नाहीत. जन्मदर उतरत गेला तसं गुणोत्तरही उतरलं, सूत्राला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. पुढची ओळ ताडून बघावी म्हटलं तर २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही.

तुमच्या लेकीच्या १/८ वर हसू नका बरं का. दहा वर्षांत २५ टक्के वाढ म्हणजे वर्षाला अडीच टक्के, असं भलेभले सांगतात. १.०२५ चा दहावा घात १.२८ येतो, १.२५ नाही. खरा वार्षिक दर १.२५ च्या दहाव्या मुळावरून काढायचा, तो साधारण २.२६ टक्के. चूक तीच, गुणाकाराच्या जागी बेरीज.

---

निवृत्तमास्तर

सह्यभटक्या, उदाहरण फार आवडलं.

बाई, मुलीसाठी एक सरावाचा तक्ता देतो. तुमच्याकडे हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात, आमच्याकडे सेल्सिअसमध्ये.

सेल्सिअस: −१०, ०, २०, ३५
फॅरनहाइट: १४, ३२, ६८, ९५

सूत्र माहीत असलं तरी ते बाजूला ठेवायचं. तक्त्यावरूनच काढायचं.

आणि दुसरा, फक्त दोन ओळींचा:

क्ष: ३, ५
य: २४, ९६

---

मेतकूटभात

पहिला तिने केला. पावलं १०, २०, १५ आणि फरक १८, ३६, २७. सगळीकडे अंशामागे १.८. शून्याची ओळ आयतीच आहे, म्हणून फॅरनहाइट = ३२ + १.८ × सेल्सिअस. वर "आजी फोनवर सांगते ते पस्तीस म्हणजे पंच्याण्णव होय" असंही झालं.

दुसऱ्यावर आमचं घरात भांडण. मी म्हणते रेषीय: दोन पावलांत ७२, पावलामागे ३६, शून्याला २४ − १०८ = −८४, म्हणून य = −८४ + ३६क्ष. ती म्हणते घातांकी: दोन पावलांत चौपट, पावलामागे दुप्पट, २४ ला तीनदा निम्मं केलं की ३, म्हणून य = ३ × २^क्ष. दोन्ही सूत्रांत दोन्ही ओळी बसतात. कोण बरोबर?

आणि तिचा आणखी एक प्रश्न, मला उत्तर आलं नाही. ४ चं वर्गमूळ −२ सुद्धा आहे. मग पाया −२ का नाही?

---

निवृत्तमास्तर

दोघीही बरोबर. दोन ओळींतून रेषा एकच जाते, आणि दोन्ही 'य' धन असतील तर य = अ × ब^क्ष या साच्याचं फंक्शनही एकच जातं. त्यातलं कोणतं, हे तक्ता सांगू शकत नाही. प्रश्नात "रेषीय" किंवा "घातांकी" असं लिहिलेलं हवं, नाहीतर तिसरी ओळ हवी. क्ष = ४ समोर ६० असेल तर तुमचं, ४८ असेल तर तिचं. मी मुद्दामच तिसरी ओळ दिली नव्हती.

−२ चा प्रश्न चांगला आहे, तिला शाबासकी सांगा. पाया −२ घेतला तर ३ समोर २४ येण्यासाठी 'अ' −३ घ्यावा लागेल. −३ × (−८) = २४ आणि −३ × (−३२) = ९६. पूर्णांक क्षसाठी आकडे बसतात. पण क्ष = ४ ला य = −४८ होईल, म्हणजे २४, −४८, ९६ अशी वरखाली उडी. आणि क्ष = १/२ घेतला की −२ चं वर्गमूळ काढावं लागेल, ते वास्तव संख्यांत नाही. फंक्शन मधल्या किमतींनाही चाललं पाहिजे, म्हणून घातांकी फंक्शनचा पाया धनच घेतात. १ सुद्धा घेत नाहीत, कारण १ चा कुठलाही घात १ च, मग 'य' जागचा हलतच नाही.