३/४ आणि ६/८ यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न
स्टाफ नोटेशन (पाच आडव्या ओळींवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत) वाचायला मी अलीकडेच सुरुवात केली असून टाइम सिग्नेचरपाशी, म्हणजे सुरुवातीला एकाखाली एक लिहिलेल्या दोन अंकांपाशी, अडलो आहे. वरचा अंक एका बारमधील (दोन उभ्या रेघांमधल्या भागातील) मात्रांची संख्या सांगतो आणि खालचा अंक एका मात्रेला कोणता स्वर धरायचा हे सांगतो, म्हणजे ४ असेल तर क्रॉचेट (पाव स्वर) आणि ८ असेल तर क्वेव्हर (क्रॉचेटच्या निम्म्या लांबीचा स्वर), असे मी शिकलो. या हिशेबाने ३/४ मध्ये सहा क्वेव्हर बसतात आणि ६/८ मध्येही सहाच. मग दोन वेगळ्या खुणा कशासाठी? शिवाय ६/८ मधील एका रचनेवर ‘टिंब दिलेला क्रॉचेट = ६०’ असे लिहिले आहे. मी मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) ६० वर लावून दर ठोक्याला एक क्वेव्हर वाजवतो, तर रचना फारच रेंगाळते.

प्रतिसाद १
टाइम सिग्नेचर हा अपूर्णांक नाही, त्यामुळे त्याला संक्षेप देता येत नाही. छापील पानावर दोन अंकांच्या मधून जाणारी रेघ ही स्टाफचीच मधली ओळ असते, भागाकाराची नव्हे. बारमध्ये किती स्वर मावतात याइतकेच त्यांचे गट कसे पडतात हेही ही खूण सांगते. ३/४ मध्ये सहा क्वेव्हरच्या दोन-दोनच्या तीन जोड्या होतात आणि आघात पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या क्वेव्हरवर येतात. ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन गट होतात आणि आघात पहिल्या व चौथ्यावर येतात. क्वेव्हरच्या दांड्या जोडणाऱ्या आडव्या जाड पट्ट्या पाहिल्या, तर हे गट सहसा पानावरच दिसतात.

आपण शिकलेला नियम ३/४ किंवा ४/४ साठी ठीक आहे, पण वरचा अंक ६, ९ किंवा १२ असेल तेव्हा बहुधा त्याला तीनने भागून मात्रा मोजाव्या लागतात (हे पहिल्याच धड्यात सांगायला हवे, असे मला वाटते). म्हणून ६/८ मध्ये मात्रा दोनच, आणि प्रत्येक मात्रा टिंब दिलेल्या क्रॉचेटची, म्हणजे तीन क्वेव्हरची. आपले ६० ठोके या मात्रेचे आहेत, त्यामुळे मिनिटाला १८० क्वेव्हर वाजायला हवेत. आपण एक तृतीयांश गतीने वाजवत आहात.

प्रतिसाद २
एक पुस्ती जोडतो. गती फार संथ असेल, तर ६/८ मध्येही सहा मात्रा मोजतात. उलट जलद वॉल्ट्झमध्ये (तीन मात्रांच्या नृत्यसंगीतात) ३/४ चा अख्खा बार एका ठोक्यात घेतात. दोन्ही खुणांतला फरक ऐकायचा असेल, तर लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या १९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकातील ‘अमेरिका’ हे गाणे ऐकावे. त्यात ६/८ आणि ३/४ चे बार आलटून-पालटून येतात, क्वेव्हरची गती तीच राहते, पण एका बारमध्ये दोन आघात पडतात आणि पुढच्या बारमध्ये तीन.

प्रश्नकर्ता
दर ठोक्याला तीन क्वेव्हर घेतल्यावर रचना लगेच मार्गी लागली. आता आणखी एक शंका: काही पानांवर अंकांऐवजी इंग्रजी ‘सी’ दिसतो, तो कशाचा?

प्रतिसाद १
ते अक्षर नसून अर्धवट वर्तुळ आहे. मध्ययुगीन युरोपीय लेखनात तीनची विभागणी ‘पूर्ण’ मानून तिच्यासाठी पूर्ण वर्तुळ काढत आणि दोनच्या विभागणीसाठी तुटलेले. आज त्या तुटलेल्या वर्तुळाचा अर्थ ४/४ असा होतो. त्यातून उभी रेघ गेलेली असेल, तर ते २/२ समजावे. तिथेही बारमध्ये चारच क्रॉचेट मावतात, पण मात्रा दोन मोजायच्या.