‘दाइगिन्जो’ला मराठीत काय म्हणावं?

मेघना: भावाने ओसाकाहून साकेची बाटली आणली आहे. लेबलावर ‘जुन्माइ दाइगिन्जो, सेइमाइ-बुआइ ४५ टक्के’. आईला ‘तांदळाची उंची दारू’ एवढंच सांगितलं, पण समाधान झालं नाही. नेमके शब्द आहेत का?

तळेगावकर: ‘जुन्माइ’ म्हणजे निव्वळ तांदूळ, वरून मद्यार्क घातलेला नाही. ‘गिन्’ या अक्षराचे दोन अर्थ: कविता म्हणणं आणि बारकाईनं पारखणं. इथे दुसरा. ‘जो’ म्हणजे आंबवून मद्य करणं, ‘दाइ’ म्हणजे मोठं. ‘फार निगुतीनं आंबवलेली’ असा भाव आहे. ‘गाळलेली’ मात्र म्हणू नका. फेणी गाळतात, साके आंबवून पिळून घेतात.

सेइमाइ-बुआइसाठी तर आपल्या घरातलंच क्रियापद आहे: तांदूळ सडणे. हातसडीचे तांदूळ आपण म्हणतोच. साकेसाठी दाणा इतका सडतात की कोंडा जाऊन वर दाण्याचा मोठा भागही जातो. बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात, त्यांनी चव जड होते आणि सुगंध दबतो. ‘यामादा निशिकी’सारख्या जातीत मधोमध पिठूळ पांढरा गाभा असतो, तो हवा असतो. लेबलावरचे ४५ टक्के म्हणजे निघून गेलेला नव्हे, उरलेला भाग. गिन्जोत तो ६० किंवा कमी, दाइगिन्जोत ५० किंवा कमी असावा लागतो. साखर कारखान्यात ‘साखर उतारा’ म्हणतात, तसा हा ‘तांदूळ उतारा’.

रानवारा: शब्द आवडला, पण दारूच्या संदर्भात नुसतं ‘उतारा’ लिहिलं तर लोक नशेवरचा उतारा समजतील.

तळेगावकर: बरोबर. जोडशब्द पूर्ण लिहावा.

मेघना: काल उघडली. १० अंशांच्या आसपास थंड केली होती. जपानीत त्या थंडाव्याला ‘हानाबिए’, फुलांचा गारवा, असं नाव आहे. फळ एकही नाही, तरी सफरचंदाचा आणि पेअरचा वास! भाऊ म्हणाला, ही ‘काराकुची’ आहे. ‘कारा’ म्हणजे तिखट ना?

तळेगावकर: शब्दशः तिखट, पण मद्याबाबत अर्थ ‘गोडवा कमी’. ‘कडक’ही नको, त्यानं मद्यार्क जास्त असल्याचा समज होतो. मी ‘अगोड’ म्हणेन. दाइगिन्जो गरम केली नाहीत हे छान केलंत, तापवली की हाच वास उडतो.

रानवारा: आणि ‘किरे’? घोट गिळल्यावर चव रेंगाळत नाही, स्वच्छ थांबते, तो गुण. मूळ क्रियापद ‘कापणे’.

मेघना: ‘तुटते’ म्हटलं तर काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. ‘विरते’ फार सावकाश. जिभेवर जे झालं त्याला मला ‘मिटते’ जवळचं वाटलं. चव मिटली आणि लगेच पुढचा घोट घ्यावासा वाटला.