मदत हवी आहे: एमआरआय नॉर्मल, तरी आवाज-स्पर्शाचा त्रास. डीटीआय (मेंदूतले तंतू तपासणारा एमआरआयचा प्रकार) करावा का?

तिसरीच्या_बाई:
वर्गातल्या 8 वर्षांच्या मुलासाठी विचारते आहे. मिक्सर लागला की कान दाबून पळतो, कॉलरमागचं लेबल सहन होत नाही, नखं कापताना आकांत. बोलणं, अभ्यास, मित्र सगळं व्यवस्थित. एमआरआय नॉर्मल आल्यापासून घरचे म्हणतात, "नाटकं करतो." पण अशा मुलांच्या मेंदूत फरक असतो म्हणतात, मग रिपोर्टात का नाही? डीटीआय करायला सांगू का?

फिल्म_वाचणारा:
बाई, रिपोर्ट नॉर्मल आणि मेंदूत फरक, दोन्ही खरं आहे. साध्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, जन्मजात दोष असं काही आहे का ते बघतात. इथला फरक आहे तो मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या, म्हणजे व्हाइट मॅटरच्या, बारीक बांधणीत. तंतू घट्ट आणि एका दिशेचे असतील तर त्यांतलं पाणी मुख्यतः लांबीच्या दिशेने सरकतं. डीटीआय तेच मोजतो. आकडा 0 ते 1 मध्ये येतो, त्याला एफए म्हणतात; 1 च्या जितका जवळ, तितकं पाणी एकाच दिशेने.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रातल्या गटाने (एलिसा मार्को, प्रतीक मुखर्जी वगैरे) 2013 मध्ये असा त्रास (सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर) असलेले 16 आणि नसलेले 24 मुलगे तपासले, वय 8 ते 11. त्रास असलेल्यांत एफए कमी निघाला, तोही मुख्यतः मेंदूच्या मागच्या बाजूच्या तंतूंत. ऐकलेलं, पाहिलेलं, अंगाला लागलेलं यांची सांगड घालण्यात या तंतूंचा मोठा वाटा असतो. 2014 मध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यातही हे मागचे तंतू कमजोर दिसले, पण चेहरे आणि भावनांशी संबंधित तंतूंतला बिघाड फक्त स्वमग्न मुलांत होता.

डीटीआय मात्र करू नका. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, आणि एफएचा आकडा मशीन व सेटिंगप्रमाणे बदलतो. अमुक आकड्याखाली त्रास, अशी रेषाच नाही. शिवाय मिक्सरला पळणारं मूल त्या धडधडणाऱ्या नळीत हलायचं नाही म्हणजे बहुधा गुंगीचं औषध आलं, आणि तेही उपचार न बदलणाऱ्या रिपोर्टसाठी.

ओटी_ताई:
सहमत. आधी कानांची तपासणी (ऑडिओमेट्री) आणि बालविकास तज्ज्ञांकडून स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), चिंता आहे का ते पाहणं. मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या कामांतल्या अशा अडचणींवर उपचार करणारे). जाण्यापूर्वी पालकांना 14 दिवसांची नोंद ठेवायला सांगा: वेळ, आधी काय घडलं, किती मिनिटं टिकलं, कशाने शांत झाला. भूक आणि अपुरी झोप हमखास लिहा. त्या दिवशी तोच आवाज दुप्पट टोचतो.

नखं आंघोळीनंतर कापा, मऊ असतात. आधी प्रत्येक बोट तळहातात धरून घट्ट दाबा. हलका, ओझरता स्पर्श या मुलांना जास्त बोचतो, आणि लोक नेमकं "हळूच करते हं" म्हणून तिथेच चुकतात. एका वेळी दोनच बोटं, कोणतं ते त्याने सांगायचं. धरून-बांधून कापलंत तर पुढच्या वेळी कात्री दिसताच आकांत.

लेबल कातरू नका, खुंट उरतो तो अधिक टोचतो. शिवण उसवून काढा. मिक्सरचं बटण त्याच्याच हातात द्या, सुरुवातीला 2-3 सेकंद. आवाज कधी येणार हे ठाऊक असलं की निम्मं काम झालं.

तिसरीच्या_बाई:
कानावरचे मफ दिवसभर लावून बसवू का? आणि शाळेला दाखवायला प्रमाणपत्र मिळेल?

ओटी_ताई:
दिवसभर नको, शांततेची सवय झालेल्या कानाला साधे आवाजही मोठे लागतात. प्रार्थना, मधली सुट्टी, ढोल-ताशा एवढ्यापुरते लावा.
प्रमाणपत्राचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत हा त्रास एकटा असेल तर येत नाही, स्वमग्नता येते. डीएसएम-5 मध्येही (मानसिक विकारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ती अमेरिकन यादी) हे स्वतंत्र निदान नाही. थेरपिस्टचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. घंटेपासून लांबचा बाक आणि बिनकॉलरचा गणवेश एवढ्यासाठी तेवढं पुरतं.