पंचगंगा: धरणातून पाणी सोडून धुवायची की नाल्याचे पंप सांभाळायचे?

काठावरचा: तेरवाड बंधाऱ्यात मासे तरंगले की मागणी ठरलेली: राधानगरी धरणातून पाणी सोडा. माझा विरोध आहे. कोल्हापूरच्या कसबा बावड्याचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र रोज 76 दशलक्ष लिटरचं, म्हणजे सेकंदाला 880 लिटर. तिथून शुद्ध करून सोडलेल्या पाण्याचा बीओडी (घाण कुजताना जेवढा ऑक्सिजन खाते तो, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) 30 धरा, वरून येणाऱ्या पाण्याचा 2. नदीत 3 पाहिजे असेल तर 27 पट पाणी मिसळावं लागतं, साधारण 840 क्युसेक (सेकंदाला घनफूट). चार महिन्यांचे झाले 8.7 टीएमसी (अब्ज घनफूट). राधानगरी अख्खं 8.36 चं!

शिरोळवाला: चार महिने कुणी मागितले? आठवडाभर सोडा, अर्ध्या टीएमसीत भागतं. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी एकाखाली एक डबकी झाल्यात. त्यात केंदाळ (जलपर्णी) माजतं, कुजतं, पहाटे पाण्यात ऑक्सिजनच उरत नाही. कोल्हापूरनं घाण करायची, वर आम्हाला गणित शिकवायचं.

काठावरचा: घाण आमची, मान्य. पण बरगे (बंधाऱ्याच्या दारात बसवलेल्या फळ्या) कसे काढता ते बघा. वरचेच काढले तर वरचं पाणी सांडतं, तळाचा काळा गाळ जागेवर. वरच्या बंधाऱ्याचे सगळे एकदम काढले तर तोच गाळ ढवळून, ऑक्सिजन खात तेरवाडला येतो आणि मासे मरतात. सुरुवात शिरोळपासून करून वर सरकायचं, तेही थोडं थोडं.

शिरोळवाला: मग उपसा संस्थांच्या मोटारी उघड्या पडतात, उभा ऊस वाळतो. त्या आठवड्याची उपशाची पाळी आधी जाहीर करा.

पंपहाऊस: दोघंही धरणाकडेच बघताय. कोल्हापूरचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी बांध घालून अडवतात, उपसून बावड्याला नेतात. वीज गेली किंवा चिंध्या-प्लास्टिकनं जाळी तुंबली की बांधावरून थेट नदीत. केंद्राचा पूर्ण प्रवाह तासभर चुकला तर 32 लाख लिटर. राखीव पंप, विजेचा दुसरा फीडर (वेगळी लाईन), जनरेटर (डिझेलसकट, हे सांगावं लागतं) आणि कामगारांच्या प्रत्येक पाळीत जाळी साफ. एवढं झालं तरी केंदाळ हटेल असं नाही. बीओडी उतरला तरी नायट्रोजन-फॉस्फरस बराचसा तसाच नदीत जातो, केंदाळाला तेच लागतं.

घाटप्रेमी: आणि घाटावरची धुणी, गाड्या?

पंपहाऊस: बंद व्हावीत, पण नाल्यापुढे किरकोळ.

शिरोळवाला: 2012 ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली. बीओडीच्या आकड्यात कावीळ दिसत नाही, पाण्यात मैला मिसळलाय का हे कळायला मैलपाण्याच्या जिवाणूंची तपासणी लागते.

काठावरचा: तीही करा. आणि बरगे उचलण्याआधी ऑक्सिजन पहाटे मोजा, तळाशी. दुपारी वरचं पाणी घेतलं तर आकडा चांगलाच येणार.