शब्दचर्चा: लैंगिक गुन्हेगारांची नोंद, नोंदणी की यादी?

रामबागवाली:
मंडळी, एका शब्दापाशी आठवडाभर अडून बसले आहे. आमच्या महिला मंडळासाठी पोक्सो कायद्यावरची (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा तो कायदा) चार पानी पुस्तिका हिंदीतून मराठीत आणते आहे. त्यात 'यौन अपराधियों की पंजी' असं आहे. 'पंजी'ला मी सरळ 'नोंदणी-वही' लिहिलं. रविवारी बैठकीत वाचून दाखवलं, तर एक आजी म्हणाल्या, "अगं, नोंदणी म्हणजे लग्नाची करतात तशी? तो मेला स्वतः जाऊन नाव लिहून येतो का?" मला उत्तर देता आलं नाही.

'अपराधी'चा निकाल मात्र मी लावला आहे. आपल्या इंदूरच्या मराठीत हा शब्द हिंदीच्याच अर्थाने येतो, कारण पोलीस थाण्यात, पेपरात, पाटीवर तोच दिसतो. पण मराठीत अपराध पोटात घालतात. "एवढा अपराध पोटात घाला" हे आपण लहानपणापासून ऐकलं. "गुन्हा पोटात घाला" कोणी म्हणत नाही; गुन्हा दाखल होतो. घरातल्या मोठ्यांनी 'पोटात घाल' म्हणून कितीतरी मुलींची तोंडं याच बाबतीत बंद केली आहेत. त्या पुस्तिकेत मला 'अपराध' नको. 'गुन्हेगार', आणि तोही कोर्टात दोष सिद्ध झालेला. 'यौन'ला 'लैंगिक'. राहिली ती 'पंजी'.

नारायणबागकर:
ताई, आजींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. नोंद दुसरा घेतो, नोंदणी आपली आपण करतो. जन्माची नोंद होते, मतदार नोंदणी करतो. आणि गंमत नाही, खरंच दोन्ही प्रकार जगात आहेत.

अमेरिकेत ती 'नोंदणी'च आहे. कॅलिफोर्नियात १९४७पासून. २००६च्या केंद्रीय कायद्याने गुन्हेगारांच्या तीन पायऱ्या केल्या: पहिलीवर १५ वर्षं, दुसरीवर २५, तिसरीवर जन्मभर. त्याने स्वतः जाऊन तोंड दाखवायचं. वर्षातून एकदा, सहा महिन्यांनी किंवा तीन महिन्यांनी. चुकला तर तो नवा गुन्हा. म्हणजे मराठीत नोंदणीपेक्षाही 'हजेरी'.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी जो राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला, तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो. सुरुवातीलाच त्यात ४.४ लाख नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. पण तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनी पाहायचा. तिथे कोणी जाऊन नाव लिहीत नाही. म्हणून आपल्यासाठी 'नोंद'.

दोन मुलींची आई:
काका, शब्द बरोबर असेल, पण मला 'यादी'च हवी. सगळ्यांना दिसणारी. शेजारी कोण राहायला आलं ते मला कळायला नको? न्यू जर्सीत १९९४ साली सात वर्षांच्या मेगनला समोरच्या घरातल्या माणसाने मारलं. त्याला आधी अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती आणि आईबापांना पत्ताच नव्हता. त्यावरूनच तिकडे १९९६ साली तिच्या नावाचा केंद्रीय कायदा झाला. त्या आईच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते तेव्हा 'फक्त पोलिसांसाठी' या शब्दांनी माझं समाधान होत नाही.

रामबागवाली:
तुझं म्हणणं मला आतून कळतं गं. कायदा त्या दुःखातून आला, ते दुःख खरं आहे. पण तू लिहिलंस 'तिच्या नावाचा कायदा'. आपल्याकडे पीडित मुलीचं नाव छापणं हाच गुन्हा आहे. आधी दंड संहितेच्या २२८-अ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. आता समज, यादी सगळ्यांना दिसेल अशी लावली. २०१६च्या सरकारी आकड्यांत बलात्काराच्या सुमारे ९५ टक्के गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या ओळखीचा होता. त्यात काका, मामा, वडीलही येतात. वडिलांचं नाव, पत्ता, फोटो भिंतीवर लागला, तर त्या घरातली ती मुलगी कोण, हे गल्लीला वेगळं सांगावं लागेल का? आणि आई केस करायला निघाली असेल तर सासरचे तिला काय म्हणतील? "जन्माचा शिक्का बसेल, तोंड मीट." मला याचीच भीती वाटते.

नारायणबागकर:
त्या शिक्क्याबद्दल डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आमच्या जुन्या वाड्यात मागच्या खोलीत एक निगरानीतला, म्हणजे पोलिसांच्या पाळतीवरचा, माणूस राहायचा. गुन्हा चोरीचा होता, पण वहीची तऱ्हा तीच. रात्री दोनच्या सुमारास शिपाई बोळात सायकल टेकवायचा आणि खिडकीच्या गजांवर काठी वाजवून नाव पुकारायचा. आतून बायको म्हणायची, "घरीच आहेत." पुढे पुढे तो उठतही नसे, तीच उत्तर द्यायची. घरी नसला तरी तेच उत्तर. हजेरी त्याची, जागरण तिचं. सकाळी बोळातली पोरं त्याच्या मुलाला त्याच सुरात हाक मारायची.

मराठीत 'निगराणी' म्हणजे देखभाल, रोपाची करतात तशी. थाण्याच्या वहीत तोच शब्द कसा फिरतो पाहा. आणि 'हजेरी' तर पारध्यांना विचारा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची हजेरी लावली, तो कायदा १९५२ साली गेला, पण त्या शब्दाचा कडवटपणा अजून गेलेला नाही.

अजून एक. महाराष्ट्रातला 'तडीपार' आपल्याकडे 'जिलाबदर' होतो, पण त्यात मुदत लिहिलेली असते. अमेरिकेतल्या मायामीत लैंगिक गुन्हेगारांनी शाळा-बागांपासून २,५०० फुटांच्या आत राहायचं नाही असा नियम झाला, तेव्हा शहरात जागाच उरली नाही आणि हे लोक समुद्रावरच्या पुलाखाली वस्ती करून राहिले. पत्ता पूल! अशा पत्त्याची नोंदणी ठेवून पोलिसांच्या हाती काय लागतं?

दोन मुलींची आई:
पण निदान गुन्हे तरी कमी झाले असतील ना?

नारायणबागकर:
त्याच न्यू जर्सीचा २००८चा अभ्यास आहे. कायद्यामुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटल्याचं त्यात दिसलं नाही. खर्च मात्र वाढत गेला: ज्या काउंट्यांनी (तिकडच्या जिल्ह्यांनी) माहिती दिली त्यांचा सुरुवातीचा खर्च साडेपाच लाख डॉलरच्या आसपास, आणि २००७ साली वर्षाचा सुमारे ३९ लाख डॉलर. २००६चा कायदा न पाळणाऱ्या राज्यांचं पोलीस अनुदान १० टक्क्यांनी कापतात. तरी कित्येक राज्यांनी हिशेब करून पाहिला आणि कापलेलं परवडलं असं ठरवलं. याला मी 'खर्च' नाही, 'भुर्दंड' म्हणेन. खर्चातून काही हाती येतं.

दोन मुलींची आई:
मग माझ्या हातात काय उरतं ते तरी पुस्तिकेत लिहा, ताई. मला यादी मागायची सवय लागली ती भीतीने. शाळेत, बसवर, शिकवणीला माणूस ठेवण्याआधी पोलीस पडताळणी मागा, हे मराठीत कसं लिहाल?

रामबागवाली:
'पडताळणी' सगळ्यांना कळतं, तेच ठेवते. आणि आधी मी 'अनोळखी माणसापासून सावध' लिहिलं होतं, ते काढते. 'ओळखीच्या माणसाबद्दल मूल काही सांगेल तर मध्ये न बोलता ऐका' असं घालते. पंजीचं वाक्य असं केलं आहे: "दोष सिद्ध झालेल्या लैंगिक गुन्हेगारांची नोंद पोलीस ठेवतात, ती लोकांना पाहता येत नाही." 'पोलीस' हा कर्ता मुद्दाम लिहिला, म्हणजे आजींना पुन्हा विचारावं लागणार नाही. रविवारी त्यांना वाचून दाखवते आणि काय म्हणतात ते इथे लिहिते.