जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक घरी उघडावेत का?

डिलाइट_७२ (फोंडा)

जुनी गाडी घरी उभी करायला घेतली की येणारा-जाणारा एकच सल्ला देतो: रंग खरवडा, इंजिन खोला, वायरिंग बदला, पण ब्रेकला हात लावू नका. मला हे अजिबात पटत नाही. माझी १९७२ची फियाट ११०० डिलाइट आहे. चारही चाकांना ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ लोखंडी डबा, कुठे सेन्सर नाही. ड्रम काढला की सगळं समोर असतं: ड्रमला आतून दाबणारे दोन अर्धगोल शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि पेडल दाबलं की शू बाहेर ढकलणारा व्हील सिलेंडर.

एका गॅरेजने माझे लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, बदलून दिले, पण सिलेंडरचं रबरी टोपण कोणी उचलून पाहिलं नाही. आत ऑइल पाझरत होतं. उजव्या चाकाचे कोरे लायनर भिजले आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. गॅरेजवाल्याला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते, मला तशी घाई नसते. एका वेळी एकच चाक उघडावं, म्हणजे दुसऱ्या बाजूचं बघून जोडता येतं. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, पुढचा शू कुठला, मागचा कुठला, हे महत्त्वाचं आहे. ड्रम फिरताना पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, तो जास्त पकडतो. मागच्याला तो ढकलून देतो. काही गाड्यांत या दोन शूंच्या लायनरची लांबीही वेगळी असते. अदलाबदल झाली तर ब्रेक लागतो, पण हवा तसा लागत नाही.

आणि आपल्याकडची हवा! ब्रेक ऑइल दमटपणा शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा १४० वर येते. गोव्यातले चार महिने बघता दर दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. मालकाने स्वतः केलं नाही तर कोण आठवणीने करणार आहे?

मेस्त्रीचा_मुलगा (म्हापसा)

डिलाइटबाब, एका गॅरेजने हयगय केली म्हणून घरचं काम चांगलं ठरत नाही. माझ्या वडिलांनी अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या ब्रेकवर हयात घालवली. ड्रमवर हात फिरवला की कड किती उभी राहिली आहे हे त्यांना कळायचं. ड्रम आतून झिजतो, कधी अंडाकृती होतो, मग पेडल पायाखाली धडधडतं. तो लेथवर घासून घ्यावा लागतो, एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला. कमाल व्यासाची मर्यादा ओलांडली तर ड्रम भंगारात. हे माप तुम्ही अंगणात कशाने घेणार? नवा शू घासलेल्या ड्रममध्ये नुसता मधोमध टेकतो, त्याला ड्रमच्या गोलाईत बसवणं हे वेगळंच काम आहे.

तुमच्या वेळच्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन. एक होज (ऑइलची रबरी नळी) फुटला की चारही गेले, उरतो फक्त हँडब्रेक. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात समोरून टोपली घेऊन जाणाऱ्या बाईने तुमच्या हौसेची जोखीम का घ्यावी?

केरी_सत्तरी

घरी की गॅरेज हा वादच बाजूला ठेवा. ड्रमच काढून पुढे डिस्क बसवा. चोर्ला घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत आलात की ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं, लायनरची पकड सुटते. मी हे स्वतःच्या पायाने अनुभवलं आहे, पुन्हा नको. पावसात पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलं तरी तेच, आत पाणी राहिलं की पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. गाडी चालवायची असेल तर ती थांबली पाहिजे, बाकी अस्सलपणा नंतर.

अस्सल_तेच_हवं (मडगाव)

डिस्कला माझा ठाम विरोध. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळंच. नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आणि घाट काय आज झाले? याच गाड्या पन्नास वर्षं अनमोड उतरत आल्या. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाका, इंजिनाला धरू द्या, ब्रेक थोडा दाबून सोडा. सतत पाय ठेवणारा माणूस डिस्कही तापवतो.

पणजीची_सिस्टर

ड्रम उघडण्याबद्दल एवढं लिहिलंत, पण आतल्या काळ्या भुकटीबद्दल कोणीच बोललं नाही. मी फुप्फुसाच्या रुग्णांमध्ये काम करते, म्हणून लिहिते.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आपल्या देशात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही, त्यामुळे स्वस्तातला नवा लायनरही निर्धोक धरून चालू नका. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो, तेव्हा रुग्णाला ब्रेकची धूळ आठवतही नाही. गॅरेजवाला कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाजूला चौदा-पंधरा वर्षांचं पोर उभं असतं, तोंडावर काही नाही. त्यामुळे मेस्त्रीकडे सुरक्षित, घरी धोका, हे मी मानत नाही.

पण घरीसुद्धा झाडू नको, हवा नको, सुका ब्रश नको. ड्रम सैल करून साबणाचं पाणी हळूहळू सोडा. खाली पसरट भांडं ठेवा. सगळं ओलं असतानाच फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधा, पुन्हा वापरू नका. लायनरला कानस किंवा पॉलिश पेपर सुका लावू नका. कापडी मास्क उपयोगाचा नाही. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. लहान मुलं अंगणात खेळत असतील तर त्या दिवशी काम करूच नका.

डिलाइट_७२ (फोंडा)

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. साबणाचं पाणी मी वापरतो, कपड्यांचं मात्र आता घरात सगळ्यांना सांगेन.

मेस्त्रीच्या मुलाला: लेथचं म्हणणं मान्य. ड्रम घासायला मी बाहेरच देणार, अंगणात लेथ कुठून येणार? पण ड्रम उचलून लेथवाल्याकडे नेणं आणि अख्खी गाडी गॅरेजला सोडणं यात फरक आहे. सिलेंडरचं किट, होज, पाइपांवरचा गंज, हे मी बघणार. एकच लाइन आहे म्हणूनच प्रत्येक जोड मालकाने स्वतः तपासावा असं मी म्हणतो. बाजारातल्या त्या बाईला धोका निष्काळजी माणसाचा आहे, मग तो घरातला असो की गॅरेजातला. ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलेंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात करायची. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. डबीतलं ऑइल मध्ये संपू द्यायचं नाही. यात न जमण्यासारखं काय आहे?

डिस्क मात्र नाही. घाट मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो.

केरी_सत्तरी

गिअरचं मान्य, तरी आपत्कालीन ब्रेकला गिअर कामाचा नाही. अचानक गुरं आडवी आली तर? माझं मत डिस्कचंच.

मेस्त्रीचा_मुलगा (म्हापसा)

माझं मत बदललेलं नाही. ज्याने हे काम कधी केलं नाही त्याने पहिलं चाक जाणत्या माणसासमोरच उघडावं. तरी तुम्ही उघडणारच असाल तर ड्रम आणाल तेव्हा शूही घेऊन या. ड्रमला आतून खडू लावून शू फिरवू, कुठे टेकतो ते पांढऱ्या खुणेवरून लगेच दिसतं. वडील अजून दुपारी लेथजवळ बसतात. आणि ब्रेक जोडल्यावर पेडल जोरात दाबून धरा, तेवढ्यात कोणाला तरी चारही चाकांमागे बॅटरी घेऊन बघायला सांगा. कुठे ओलं दिसलं तर गाडी फाटकाबाहेर काढू नका.